तू कोणाचो रे?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. एरवी मी आळसावर ढकलून मोकळी होते, पण यावेळी खरं कारण वेगळं होतं. हे लिहावं की नाही यावर घरात दोन-तीन वेळा बोलणं झालं. चुलतभावाचं म्हणणं, "कशाला उकरून काढतेस?" शेवटी काकीला विचारलं. काकी म्हणाली, "लिही. नाव तेवढा घालू नको." तेव्हा नाव घालत नाही. आम्ही सगळे त्यांना नानाकाका म्हणायचो, इथेही तेच.

आमच्या मालवणाकडे नवखा माणूस दिसला की पहिला प्रश्न ठरलेला. तू खंयचो? आणि त्याचं उत्तर मिळालं की दुसरा, तू कोणाचो? नाव फार उशिरा विचारतात, कधीकधी विचारतही नाहीत. कारण गाव, वाडी आणि बापाचं घर कळलं की बाकी सगळं कळतंच. कुलदैवत कुठलं, देवळात मान कुठला, कोणाच्या लग्नात कुठे बसायचं. मी पुण्यात येऊन पंचवीस वर्षं झाली तरी एस.टी.तून उतरल्याबरोबर कोणीतरी विचारतंच, आणि मला बरंही वाटतं. ज्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर नसेल त्याला काय वाटत असेल, हा विचार माझ्या डोक्यात चाळिशीपर्यंत आला नव्हता.

नानाकाका आमच्या आजोबांचे चौथे मुलगे. म्हणजे आम्ही तसं समजत होतो. ते २०११ साली गेले, आणि बाराव्यानंतर आईने मला सांगितलं की ते आजोबांचे मुलगे नव्हते. मुंबईतल्या एका संस्थेत वाढले. संस्थेत सुतारकाम शिकले, आणि १९५९ साली, अठराव्या वर्षी, तिथून बाहेर पडले. परळच्या ज्या गिरणीत आजोबा होते तिथल्या सुतारखात्यात त्यांना काम मिळालं. काम मिळालं, पण झोपायला जागा नव्हती.

हे नीट समजायला तेव्हाची मुंबई समजायला हवी. कोकणातला पोरगा मुंबईला गेला की कुठे राहायचा? गावमंडळाच्या खोलीत. प्रत्येक गावाची, कधी कधी प्रत्येक वाडीची, गिरणगावात एखादी खोली असायची. दहा बाय बाराची. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच जागेवर अंथरूण टाकायची, आणि जेवण खानावळवाल्या बाईकडे. धोबीतलावला गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांचे कूड होते तेही याच रीतीचे, गावागावाचे. गिरणीकामगारांवर लिहिताना हे सगळेजण कौतुकाने लिहितात, आणि ते कौतुक खरंच आहे. पण त्या खोलीच्या दाराची दुसरी बाजू माझ्या कधी लक्षात आली नव्हती. गावाची खोली म्हणजे ज्याला गाव आहे त्याची खोली. ज्याला गावच नाही तो मुंबईत जन्मला, मुंबईत वाढला, तरी रात्री झोपणार कुठे?

आजोबा त्याला खोलीवर घेऊन गेले. तिथल्या वडीलधाऱ्याने विचारलं, "कोणाचो रे ह्यो?" आजोबा म्हणाले, "आमचोच. इचारतंस काय?"

बस, एवढंच. एका वाक्याचं खोटं. पुढच्या मे महिन्यात आजोबा त्याला गावी घेऊन आले, आणि देवळात गाऱ्हाणं घालताना गावकराला घरातल्या झिलग्यांमध्ये त्याचंही नाव घ्यायला लावलं. जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि विषय संपला. आई म्हणते, वाडीतल्या अर्ध्या लोकांना माहीत होतं. पण देवासमोर व्हय म्हटल्यावर मग कोण बोलतो!

नानाकाका बोलताना नेहमी म्हणायचे, "मी सुटलो तेव्हा..." लहानपणी आम्हाला वाटायचं, शाळा सुटली तेव्हा.

असो. हे सगळं आता आठवण्याचं निमित्त चित्रांचं आहे. गेल्या मे महिन्यात गावी होते तेव्हा भाचरांना घेऊन पिंगुळीला गेले. कुडाळहून सावंतवाडीच्या वाटेवर पिंगुळी आहे, बहुतेकांना राऊळ महाराजांच्या मठामुळे माहीत असते. तिथेच ठाकर समाजाची वस्ती आहे आणि तिथली चित्रकथी. परशुराम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या घराच्या गोठ्यात चित्रांचं आणि बाहुल्यांचं संग्रहालय उभं केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पेपरात फोटो आले आणि मग मुंबई-पुण्याच्या गाड्या तिकडे वळू लागल्या. (आमचीही गाडी त्यातलीच, हे कबूल.)

चित्रकथी म्हणजे काय, ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. एका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे पोथी. चित्रं सुटी असतात, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे कागद टिकतो आणि उलटलं की पुढचा प्रसंग येतो. माणसं बहुतेक एका बाजूने काढलेली, डोळे हे एवढे मोठे. एक जण चित्र दाखवत कथा सांगतो आणि गातो, साथीला हुडूक, टाळ, वीणा. सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांचा या कलेला आश्रय होता, आणि कोणी कुठल्या देवळात कथा सांगायची हे ठरलेलं असायचं. जुन्या पोथ्यांवर चित्रकाराची सही नाही. कोणी रेघ काढली, कोणी रंग भरला, कोणी गायला, काही वेगळं करता येत नाही. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातही अशी चित्रं आहेत. तिथे त्यांना पैठणची चित्रं म्हणतात, आणि ती काचेमागे गप्प उभी असतात. पिंगुळीला ती बोलतात, एवढाच फरक, पण केवढा मोठा!

भाचा म्हणाला, "मावशी, हे कॉमिक्सच आहे की." मी आधी दटावलं, मग वाटलं बरोबर आहे. आम्ही लहानपणी इंद्रजाल कॉमिक्स भाड्याने आणून वाचायचो. त्यातला वेताळ म्हणजे जंगलात राहणारा बुरखेवाला, आणि इकडे आमच्या आरवलीचा वेतोबा, ज्याला लोक हातभर लांब चपला वाहतात. मला बरीच वर्षं हे दोघे एकच वाटत होते. त्या कॉमिक्समधल्या वेताळाची सुरुवात आठवते? समुद्री चाच्यांनी बाप मारला, आणि पोरगा एकटा वाहत किनाऱ्याला लागला. सुपरमॅन १९३८ साली आला, तो तर दुसऱ्या ग्रहावरून पाठवलेला, शेतकरी जोडप्याने वाढवलेला. बॅटमॅनचे आईबाप डोळ्यांसमोर मारले गेलेले. हे सगळे अनाथ. लेम सिसे नावाचा इंग्लंडमधला कवी आहे, तो स्वतः परक्या घरांत आणि बालगृहांत वाढलेला. त्याने २०१४ साली लंडनच्या फाउंडलिंग म्युझियमच्या एका खोलीच्या भिंतींवर गोष्टींमधल्या अशा सगळ्या अनाथांची आणि दत्तकांची नावंच लिहून काढली. त्याच म्युझियमने २०२२ साली कॉमिक्समधल्या अनाथांवर मोठं प्रदर्शन भरवलं.

आता गंमत बघा. ते म्युझियम ज्या फाउंडलिंग हॉस्पिटलच्या आठवणीत आहे, ते हॉस्पिटल म्हणजे दवाखाना नव्हे. टाकून दिलेल्या मुलांचं ते घर, थॉमस कोरम नावाच्या दर्यावर्दी माणसाने १७३९ साली सनद मिळवून काढलेलं. मुलं १७४१ पासून घेतली. आई मूल सोडून जाताना कापडाचा तुकडा किंवा एखादी खूण ठेवायची, पुढेमागे परत आली तर ओळख पटावी म्हणून. मुलाचं नाव मात्र आत गेल्यावर बदलायचे. आणि या घराच्या पहिल्या विश्वस्तांमध्ये होता विल्यम होगार्थ, ज्याला चित्रमालिकेतून गोष्ट सांगणाऱ्यांचा मूळपुरुष म्हणतात! मुलांचे गणवेषसुद्धा त्याने ठरवले. म्हणजे कॉमिक आणि अनाथाश्रम यांची गाठ अडीचशेहून जास्त वर्षांची आहे.

होगार्थने १७४७ साली बारा चित्रांची एक मालिका छापली. दोन उमेदवार पोरं, मागावर काम शिकणारी. एक कष्टाळू, तो मालकाच्या मुलीशी लग्न करून शेवटी लंडनचा महापौर होतो. दुसरा आळशी, त्याला समुद्रावर धाडतात, परत येऊन चोऱ्या करतो आणि फासावर जातो. उमेदवार पोरांनी बघून शहाणं व्हावं म्हणून ही चित्रं मुद्दाम स्वस्त छापली होती. फाउंडलिंगची मुलंही मोठी झाली की अशीच उमेदवारीला लावत, मुलगे जहाजावर किंवा शेतावर, मुली घरकामाला. चित्रं सुंदर आहेत, प्रश्नच नाही. पण मला ती बघताना सारखं वाटत राहिलं की ती वरून खाली काढलेली आहेत. मुलाने कसं वागावं हे विश्वस्ताने ठरवलं आणि काढलं. त्या आळशी पोराला विचारलं असतं तर त्याने पहिलं चित्र कुठलं काढलं असतं?

आपल्याकडेही हीच रीत आली, तीही कायद्याने. १८५० चा एकोणिसावा कायदा, उमेदवारीचा. धर्मादाय संस्थांत वाढलेल्या अनाथ आणि गरीब मुलांना मोठेपणी पोट भरता यावं म्हणून दहा ते अठरा वयाच्या मुलांना कामावर बांधून देण्याची त्यात सोय होती. जहाजावर बांधून देण्याचीही. करार मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत, मुलगी असेल तर तिचं लग्न होईपर्यंत. १८५७ साली मुंबईत डेव्हिड ससूनच्या नावाची औद्योगिक शाळा निघाली. १८६३ साली फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, १८७५ साली पंढरपूरचं बालकाश्रम. मग १९२४ चा मुंबईचा मुलांचा कायदा आणि त्यासाठी १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी. मूल आत कसं घ्यायचं यावर शंभर वर्षं विचार झाला. ते बाहेर कसं पडेल यावर मात्र एक हत्यार हातात द्या आणि सोडा, एवढाच. फुल्यांच्या घरात जन्मलेल्या मुलांपैकी एकच नाव आपल्याला ठाऊक आहे, यशवंत. तो डॉक्टर झाला. पण त्याला फुल्यांनी दत्तक घेतलं होतं, "कोणाचो"चं उत्तर त्याच्याजवळ होतं. बाकीच्यांचं काय झालं?

आताचा कायदा बरा आहे, हे म्हटलंच पाहिजे. १९८६ च्या कायद्यात मुलगा सोळाव्या वर्षीच मोठा व्हायचा, मुलगी अठराव्या. २००० च्या कायद्याने दोघांनाही अठरा केलं. २०१५ च्या कायद्यात बाहेर पडणाऱ्यांना आधार देण्याची तरतूद आहे, एकवीसपर्यंत, क्वचित तेवीसपर्यंत. सरकारी भाषेत त्याला अनुरक्षण म्हणतात. मिशन वात्सल्यच्या मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी महिना ४,००० रुपये धरले आहेत. २०१८ साली महाराष्ट्राने अनाथांना सरकारी नोकरीत आणि शिक्षणात एक टक्का आरक्षण दिलं, तेही एका मुलीने चिकाटीने दारं ठोठावल्यावर. पण त्यासाठी अनाथ असल्याचं प्रमाणपत्र लागतं. आपलं कोणीही नाही याचा कागद.

इतकं सगळं वाचून झाल्यावर मी आमच्या जिल्ह्यातल्याच एका बालगृहात गेले. एकटी नाही, शाळेत चित्रकला शिकवणारे एक सर आहेत ते बरोबर होते. शरद शर्मा आणि त्यांच्या वर्ल्ड कॉमिक्स इंडियाची पद्धत सरांना माहीत होती. ए-फोरचे दोन कागद जोडायचे, चार चौकटी, वर मोठ्या अक्षरात नाव, झेरॉक्स काढायच्या आणि भिंतीवर चिकटवायच्या. चित्र चांगलं यायला हवं असं अजिबात नाही. ज्याचा प्रश्न त्याने काढायचं.

इथे एक अडचण होती, आणि तीच पुढे सगळ्यात कामाची ठरली. २०१५ च्या कायद्याचं ७४ वं कलम सांगतं की अशा मुलाची ओळख पटेल असं काहीही, नाव, पत्ता, शाळा, फोटो, छापायचं नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. कायदा योग्यच आहे. पण त्याचा परिणाम असा की ही मुलं दिसतात ती पाठमोरी नाहीतर चेहरा पुसलेली. मग सरांनी एक युक्ती काढली. गोष्ट एकाने सांगायची, पेन्सिल दुसऱ्याने धरायची, शाई तिसऱ्याने भरायची, अक्षरं चौथ्याने. गोष्टी आधी दोघा-तिघांच्या मिसळायच्या. म्हणजे भिंतीवर लागलेली गोष्ट कोणाची, हे आतल्यांनाही सांगता येऊ नये. मला तिथे बसल्याबसल्या पिंगुळीची बिनसहीची पोथी आठवली. अधीक्षकांची आणि बालकल्याण समितीची परवानगी काढायला तीन आठवडे गेले. मुलं सात होती, सगळी सतराच्या पुढची. दोन दिवस.

मला वाटलं होतं रडवणारी चित्रं निघतील. निघालं भलतंच. पहिलाच कागद वाढदिवसाचा. एका केकभोवती दाटीवाटीने डोकी आणि खाली लिहिलेलं, आज सगळ्यांचा वाढदिवस! कारण जन्मतारीख माहीत नसली की शाळेत घालताना १ जून लिहितात. कागदच नसेल तर हाडांची तपासणी करून वय ठरवतात. म्हणजे ज्या दिवशी बाहेर पडायचं तो दिवससुद्धा अंदाजाने. तिसऱ्या चौकटीत डॉक्टर एक्स-रे बघतोय आणि हाड बोलतंय, मला सोळा वाटतात. चौथीत पोरगा गेटबाहेर. पोरं हसून हसून लोळत होती, आणि मी सरांकडे बघत नव्हते.

दुसरा कागद कुलपाचा. खोली भाड्याने मिळते, मालक किल्ली देतो. पोरगा किल्ली हातात धरून उभाच. आतून कडी लावायची सवय नाही, एकट्याने झोपायची नाही. शेवटच्या चौकटीत तो दार उघडं टाकून उंबऱ्यावर झोपलाय. तिसरा घंटेचा होता. जेवणाची घंटा वाजत नाही म्हणून तो जेवतच नाही. हे मला कोणी गोष्ट म्हणून सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, जरा जास्तच होतंय. ज्याने सांगितलं तो (किंवा ते) मान खाली घालून खोडरबर फिरवत होता.

आणि एकात तो प्रश्न होताच. घरमालकीण दारात उभी, फुग्यात अक्षरं, "खंयचो रे तू?" पुढची चौकट मुलांनी कोरी ठेवली होती. सर म्हणाले, काहीतरी काढा. बरीच कुजबुज झाली. मग त्यांनी त्यात कर्ण काढला, दशावतारातल्यासारखा मुकुट घालून. मला क्षणभर कळेना, मग कळलं. हस्तिनापूरच्या रंगणात कर्ण धनुष्य घेऊन उतरतो तेव्हा कृपाचार्य त्याला हेच विचारतात. कुळ कुठलं, कोणाचा तू? नेम कसा आहे ते कोणी बघतच नाही. तेव्हा त्याच्या मदतीला दुर्योधन येतो, अंग देश देतो, आणि त्या एका क्षणाच्या बदल्यात कर्णाचं सगळं आयुष्य घेतो. दुर्योधनाचं अनुरक्षण! मी हे सरांना विनोदाने म्हटलं. सर हसले नाहीत. म्हणाले, बाहेर पडलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात जो कोणी चहा पाजतो ना, पोरगा त्याचा होतो. तो चांगला निघाला तर ठीक.

मला तेव्हा आजोबा आठवले. पण आजोबांबद्दल मी जेवढा विचार करते तेवढी एक गोष्ट टोचते. त्यांनी नानाकाकांना घर दिलं, आणि त्याबरोबर पन्नास वर्षं गप्प राहणंही दिलं. नानाकाका संस्थेतल्या मित्रांना कधी भेटले का? त्यांना कोणी होतं का? घरात विचारायची सोयच नव्हती, कारण ते "आमचोच" होते. आजोबांनी दुसरं काय करायचं होतं, हेही मला सांगता येत नाही.

कुडाळला कागदांच्या झेरॉक्स काढल्या. काही एस.टी. स्टँडजवळ लागल्या, काही दोन कॉलेजांत. एका दुकानदाराने कर्णाची मागून घेतली.

घरी आल्यावर भाच्याला बसवून मीही एक कागद केला, नानाकाकांचा. आधी काकीला विचारलंच होतं. पहिल्या चौकटीत गेट, त्याच्या बाहेर अठरा वर्षांचा पोरगा, हातात ट्रंक. दुसरीत परळची खोली. तिसरीत देऊळ. चौथीत काका रंधा मारताहेत, आमच्या पडवीतल्या झोपाळ्याची फळी. ती फळी अजून आहे.

काकी चष्मा लावून बराच वेळ बघत बसली. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. तिने पहिल्या चौकटीवर बोट ठेवलं.

"ट्रंक खंयची? पिशवी होती. खाकी. तेत फक्त रंधो नि पटाशी."

भाच्याने ट्रंक खोडून पिशवी काढली.